प्रार्थनेचा विषय

शिबिर संपवून आमची गाडी पन्हाळ्यावरून खाली उतरत होती. गाडीत बहुतेकजणी गात होत्या. पुढच्या सीटवर एक पोरगं ओकत होतं, त्याची आई एका हातानं त्याच्या तोंडाखाली पिशवी धरून दुसऱ्या हातानं मांडीवर ताल धरत होती, आणि तिचा चेहरा असा उजळलेला की बघणाऱ्याला वाटावं, या बाईला आता आयुष्यात काही कमी पडणार नाही. मला मात्र पुढचा गुरुवार दिसत होता. शनिवारी शिबिराहून परतायचं, रविवारी देवळात साक्ष द्यायची, सोमवारी धुणं काढायचं, मंगळवारी पोराला ताप, बुधवारी सासूशी खटका, आणि गुरुवारपर्यंत सगळं पहिल्यासारखं. तीस वर्षं मी शाळेत पीटी शिकवली. शिबिराहून आलेली पोरं चार दिवस किती कडक सॅल्यूट मारतात आणि पाचव्या दिवशी रांगेत कशी पेंगतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, मी चारच धरते.

हे शिबिर माझं होतं. म्हणजे होतं आमच्या देवळाचंच (आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळ म्हणतो), पण भांडून मिळवलं मी. आमच्याकडे मुलांचं शिबिर असतं, तरुणांचं असतं, म्हाताऱ्यांची सहल असते. लग्नाआधी पहिल्या रांगेत उभी राहून गाणारी पोरगी मूल झालं की शेवटच्या बाकावर जाते, मूल किंचाळलं की बाहेर जाते आणि तीन-तीन वर्षं तिच्या कानावर एक अख्खा उपदेश पडत नाही. हे मी वडीलमंडळापुढं, म्हणजे देवळाच्या कारभाऱ्यांपुढं मांडलं. एक वडील म्हणाले, "लेकरं काखेत घेऊन बायका तिथं जाऊन काय ऐकणार?" मी म्हटलं, "इथं तरी कुठं ऐकतात?" पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, खाली बघून हसले, आणि एक वर्ष करून बघा, असं ठरलं.

करून बघा म्हणजे फळ दाखवा. पुढच्या मे महिन्यात शिबिर हवं असेल तर मला काहीतरी दाखवायला हवं होतं. हे मी तेव्हा कोणापाशी बोलले नाही, स्वतःशीही नाही.

सहा आया, आठ लेकरं, पाळकीणबाई आणि मी. तीन दिवस. शेवटच्या संध्याकाळी साक्षी झाल्या, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेकीनं उठून सांगायचं. पाच जणी उठल्या, पाचही रडल्या. एकीनं तर रोज पहाटे उठून शास्त्रपाठ, म्हणजे बायबलवाचन, करीन असं जाहीर केलं, आणि मला तेव्हाच शंका आली, कारण तिचं बाळ पहाटेच झोपायचं. सहावी उठली नाही. ती भिंतीला टेकून आपल्या पाच महिन्यांच्या मुलीला थोपटत बसली होती. ही माहेरची गारगोटीची. नवरा फाउंड्रीत कामाला, कोल्हापुरात शाहूपुरीत एका स्पेअर पार्टच्या दुकानावर वरच्या मजल्यावर घर, मोठा मुलगा तीन वर्षांचा. लग्नाआधी गारगोटीच्या चर्चच्या मंडळीत ती गाणी बसवायची. इथे आल्यापासून मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

साक्षी संपल्यावर नळावर ती दुपटी पिळत होती. मी शेजारी बादली भरायला गेले. तिनं वर न बघताच सुरुवात केली.

"बाई, एक सांगू का? रागवू नगासा."

"बोल की."

"मला प्रार्थनाच येत न्हाय आता. धाकटी झाल्यापास्नं. डोळं मिटलं की एक तर झोप लागती, न्हायतर रडू येतंय. मधी देव कुठं बसायचा? ह्या सगळ्याजणी साक्ष द्यायल्यात. मी काय खोटं बोलू?"

मी काय म्हणाले ते आता आठवत नाही. काहीतरी धीराचं म्हणाले असेन. मला एवढं आठवतं की तिनं दुपटं झटकलं, माझ्या अंगावर पाणी उडालं, आणि ती म्हणाली, "हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." मी मान हलवली. बादली वाहायला लागली होती, तिकडे माझं लक्ष होतं.

आता आमच्यातली एक पद्धत सांगायला हवी. कुठल्याही सभेच्या शेवटी आमच्यात कुणीतरी विचारतं, "काही विषय?" म्हणजे प्रार्थनेचे विषय. मग कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाचा नवरा परत प्यायला लागला. चहाच्या कपावर बोललं तर जी चहाडी ठरते, तीच प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितली की सेवा ठरते. यात लबाडी नसते, निदान बहुतेक वेळा नसते. आम्हाला खरंच वाटतं की दुःख जितक्या तोंडांतून वर जाईल तितकं लवकर पोचतं. मी जन्मापासून याच हवेत वाढले. त्यामुळे सोमवारी सकाळी चहाचं आधण ठेवून मी मोबाइल उघडला आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: शिबिरातल्या एका तरुण आईसाठी प्रार्थना करा, बाळ झाल्यापासून तिला प्रार्थना करता येत नाही, प्रभूनं तिला पुन्हा उभारी द्यावी.

नाव घेतलं नाही. माझ्या मनात, मी शब्द पाळला होता.

चहा उकळेपर्यंत मेसेजखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. दोन हात, दोन हात, दोन हात. मला बरं वाटलं. खरं सांगते, अभिमान वाटला. शिबिराचं काम पुढं चाललंय असं वाटलं. मी साखर जरा जास्तच टाकली.

सहा आया गेल्या होत्या. पाच जणींनी रविवारी देवळात पुढे येऊन पुन्हा साक्ष दिली होती. सहावी कोण, हे शोधायला पीटीच्या बाईंचीही गरज नव्हती. आणि त्या ग्रुपमध्ये तिची सासू होती. नुसती नव्हती, दहा वर्षं मंडळाची चिटणीस होती. तिनंही सकाळी सात वाजता दोन हात जोडले होते, मग बहुधा कुणीतरी फोन केला असेल, किंवा तिनं स्वतःच मनात ओळखलं असेल. दुपारी तिनं ते हात काढून टाकले. एवढंच मला दिसलं, आणि तरी मला काही कळलं नाही.

बुधवारपासून मी घरसभा सुरू केल्या. दर आठवड्याला एकीच्या घरी, सोबत एक वही. वहीत सहा रकाने, रोजचा शास्त्रपाठ झाला की बरोबरची खूण. पहिल्या सभेला पाच जणी आल्या. सहावीच्या रकान्यात मी पेन टेकवून बसले, आणि तेव्हा पाळकीणबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, तो मेसेज... जरा काढून टाकला असता तर बरं झालं असतं."

मी घरी पोचायची वाट न बघता रिक्षातच मेसेज काढला. जीव भांड्यात पडला. दोन दिवस मी निवांत होते. मग शेजारच्या मुलीनं दाखवलं की तो फक्त माझ्याच मोबाइलवरून गेला होता. बाकी सगळ्यांकडे तो जागच्या जागी होता, खाली हातांची रांग घेऊन. मग मी त्याहून शहाणपणा केला. ग्रुपवर लिहिलं, की आधीच्या मेसेजबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये, तो कुणा एकीबद्दल नव्हता. ज्या दोघी-तिघींच्या अजून लक्षात आलं नव्हतं, त्यांच्याही आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाहूपुरीत गेले. खाली दुकानाचं शटर उघडत होतं, जिन्यात ग्रीसचा वास होता. दार सासूनं उघडलं. "सलाम," मी आमच्या पद्धतीनं म्हटलं. "सलाम. बसा," ती म्हणाली, आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली. ती पांढऱ्या कापडाचा छोटा झगा शिवत होती. कापड ओळखीचं वाटलं. तिच्या स्वतःच्या लग्नातली पांढरी साडी होती ती, बाप्तिस्म्यासाठी नातीला त्यातून झगा करायला घेतली होती. बाप्तिस्मा जूनच्या दुसऱ्या रविवारी ठरला होता, गारगोटीहून माणसं येणार होती. मी अर्धा तास बसले. चहा आला नाही. कोल्हापुरात अर्धा तास बसलेल्या माणसाला चहा न येणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही.

शेवटी सासूच बोलली. मशीन न थांबवता.

"एका घरात ऱ्हातोय, एका तव्यावरचं खातोय. मला का न्हाय सांगितलं तिनं? तुमाला सांगितलं. आन् तुमी गावाला सांगितलासा."

त्यात पहिली जखम कुठली आणि दुसरी कुठली, हे मला तेव्हा कळलं नाही. मी फक्त दुसरी ऐकली.

सून आतल्या खोलीत होती. बाळ मांडीवर, मोठा तिच्या पाठीवर चढलेला. डोळ्यांखाली काळं. मी माफी मागितली, पण माझी माफीसुद्धा मैदानावरच्या आवाजात निघते. ती म्हणाली, "हळू, आता डोळा लागलाय तिचा."

मी आवाज खाली आणला. "चुकलं माझं. पण तू देवळात ये. बुधवारी ये."

"न्हाय येणार." मग बाळाचं दुपटं सारखं करत, "बाई, नळावर तुमाला सांगितलं तवा मला देवाला सांगितल्यागत वाटलं हुतं. बऱ्याच दिसांनी."

बाहेर मशीन चालू होतं.

"आन् बाप्तिस्म्याला मी उभं ऱ्हाणार न्हाय," ती म्हणाली. "पाळकसाहेब विचारत्यात, लेकराबरोबर प्रार्थना करशील का म्हणून. आधी मी व्हय म्हणून गेलो असतो. कुणाला कळलं असतं? आता सगळ्यास्नी ठावं हाय. सगळ्यांम्होरं मी कसं व्हय म्हणू?" आमच्याकडच्या बायका 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात. शाळेत मी ते खोडायचे, घरी मीही तसंच बोलते.

"अगं, एक शब्द आहे तो," मी म्हटलं. "सगळेच म्हणतात."

"म्हणून मी न्हाय म्हणणार."

जिना उतरताना मला राग आला होता. तिचा आला होता, हे कबूल करते. एवढी मेहनत, वडीलमंडळाशी भांडण, तीन दिवस आठ पोरांची शी-शू, आणि ही एका शब्दावर अडून बसलेली. त्या आठवड्यात मी कुठेच धड बसले नाही. सकाळी फिरायला गेले की चालणं संपेना, घरी आले की फडताळं आवरायला काढावीत, अर्ध्यावर सोडून फोन हातात घ्यावा, नंबर काढावा आणि ठेवून द्यावा. मी चालता-चालता प्रार्थना करणारी बाई, बसून मला जमतच नाही. त्या दिवसांत चालूनही जमेना. सुरुवात केली की मधेच ते वाक्य यायचं, देवाला सांगितल्यागत वाटलं हुतं, आणि माझं पाऊल चुकायचं.

दुसऱ्या बुधवारी मी वही उघडली. पाच जणींनी भराभर सांगितलं, झालं, रोज झालं. मी खुणा करत गेले. निघताना, ती पहाटेच्या संकल्पाची पोरगी मला जिन्यापर्यंत सोडायला आली आणि लाजत म्हणाली, "बाई, खरं सांगू? आज तुम्ही येणार म्हणून मी पुस्तक टेबलावर काढून ठेवलं. बाकी दिवस नाही होत." मी विचारलं, "बाकीच्या?" ती हसली फक्त. म्हणजे माझ्या वहीत सगळ्या खुणा खोट्या होत्या, आणि जी एकटी खरं बोलली होती तिचा रकाना रिकामा होता. मी वही घरी नेऊन रद्दीत टाकली. मग रद्दीतून काढून फाडली, कारण रद्दीवाल्याच्या हाती सहा नावं जायला नकोत, एवढी अक्कल तोवर आली होती.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मला माझंच आठवलं. माझा मुलगा चार महिन्यांचा होता तेव्हा मीही त्याच देवळात, बाप्तिस्म्याच्या त्याच पायरीवर उभी राहिले होते. प्रश्न विचारला गेला आणि मी होय म्हटलं, मोठ्यानं, सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं. आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी एकदाही प्रार्थना केली नाही. डोळे मिटायचे, ओठ हलवायचे. कुणाला कळलं नाही, कारण माझा आवाज मोठा आहे, आणि मोठ्या आवाजाच्या बाईला कुणी विचारत नाही. हे मी इतकं आत ढकललं होतं की त्या पोरीशी नळावर बोलतानाही मला ते आठवलं नव्हतं. मेथीची जुडी तशीच ठेवून मी पायात चपला घातल्या.

सासूनं दार उघडलं. मी म्हटलं, "बाळाला तासभर माझ्याकडे द्या. गच्चीवर फिरवून आणते. तिला सभेला यायला सांगणार नाही, देवळाचं नाव काढणार नाही." सासूनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तिनं आत जाऊन बाळ आणून माझ्या हातात दिलं. सून आत झोपली.

तेव्हापासून रोज सकाळी सात ते आठ. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, खाली दुकानांची शटरं, गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याची मोटरसायकल. बाळ पहिल्या दिवशी ओरडून-ओरडून लाल झालं. मला अंगाई येत नाही. मला येतं ते एकच, म्हणून मी तिला खांद्यावर टाकून कवायतीच्या चालीवर चालायला लागले, एक दो, एक दो, टाकीपर्यंत आणि परत. ती गप्प झाली. रोज एक दो. चौथ्या दिवशी गच्चीवर चहा आला. सासू स्वतः घेऊन आली, कपावर बशी झाकून.

तिनं कठड्याला टेकून विचारलं, "मी लई कडक हाय का ओ?"

"का?"

"मला सांगायचं भ्या वाटलं असंल तिला. मंडळाची चिटणीस ना मी." तिनं नातीच्या पायातला निसटलेला मोजा वर ओढला. "माझी तीन झाली. मला तरी कुठं प्रार्थना सुचत हुती? पण आमी कुणाला बोललो न्हाय."

तेव्हा मला तिची पहिली जखम ऐकू आली. मी तिला म्हटलं, "हे तिला सांगा." ती म्हणाली, "बघू," आणि रिकामा कप घेऊन खाली गेली. सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

मी मात्र सांगितलं. बाप्तिस्म्याच्या आधीच्या गुरुवारी बाळ परत द्यायला गेले तेव्हा सून जागी होती, केस विंचरत होती. कितीतरी दिवसांनी तिला केसांकडे लक्ष देताना बघितलं. मी दारातच उभी राहिले, कारण बसले असते तर बोलणं झालं नसतं. माझं होय, ते दोन वर्षं, ओठ हलवणं, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, "मला त्या दिवशी तुझा राग आला होता. खरं म्हणजे मला भीती वाटली होती. तू खरं बोललीस आणि माझं चाळीस वर्षांचं उघडं पडलं."

ती फणी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, बाळ उठू नये म्हणून.

"म्हंजे बाई, तुमी लबाड."

"व्हय. हे तुझ्यापाशीच ठेव."

"मी कुणाला सांगतोय? मला ग्रुपवर लिवाय येळ कुठं हाय?"

मी इतकी हसले की सासू मशीन सोडून बघायला आली.

पण रविवारी ती उभी राहील की नाही, ते तिनं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. न विचारणं मला किती अवघड गेलं हे मलाच ठाऊक. शुक्रवारी मी तीन वेळा फोन उचलला. शनिवारी घरातले सगळे पडदे धुतले.

रविवारी देऊळ भरलं होतं. गारगोटीची माणसं उजवीकडे दोन रांगांत. मी नेहमीच्या जागी, मधल्या बाकाच्या कडेला, पाय हलवत. दुसरं गीत झालं तरी ती दिसली नाही. उपदेशात काय होतं ते मला विचारू नका. मग पाळकसाहेबांनी नाव पुकारलं, आणि मागच्या दारातून नवरा आला, त्याच्या मागून ती, बाळाला पांढरा झगा, आणि मागे सासू मोठ्याला हाताला धरून. ती पायरीवर उभी राहिली. माझा पाय थांबला.

पाळकसाहेबांनी पुस्तकातून वाचलं. विश्वासात वाढवाल काय? तिच्यासाठी आणि तिच्याबरोबर प्रार्थना कराल काय? नवरा म्हणाला, "होय." ती काही बोलली नाही. पाळकसाहेबांनी वर बघितलं. एक क्षण, दोन क्षण. पुढच्या रांगेत कुणीतरी खोकलं. माझ्या घशाशी होय येऊन बसला होता, तिच्या वाटचा मीच ओरडून टाकीन अशी मला धास्ती वाटली. मी पुढच्या बाकाची कड गच्च धरली.

ती म्हणाली, "मला अजून येत न्हाय. येईल तसं तिला शिकवीन."

माइक जवळ होता. सगळ्या देवळानं ते ऐकलं. पाळकसाहेब तरुण आहेत. त्यांनी पुस्तकात बघितलं, तिथे अशा उत्तराला पुढचं वाक्य नव्हतं. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "चालेल," आणि मंडळीकडे वळले. कारण त्यानंतर एक प्रश्न आम्हालाही असतो. या आईबापांना हे मूल वाढवायला तुम्ही मदत कराल काय? दरवेळी तो प्रश्न विचारला जातो, दरवेळी आम्ही होय म्हणतो, आणि त्या वेळी आमचं अर्धं लक्ष बाळाच्या झग्याकडे असतं.

त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही. बायकांच्या बाजूला तर नाहीच. आम्ही सगळ्यांनी हात जोडले होते त्या ग्रुपवर, आणि त्या जिन्यावर किती जणी चढल्या होत्या? मला माझे ते तीन आठवडे आठवले, वही, रिकामा रकाना, माझा राग. माझ्या घशातला होय खाली गेला होता.

"व्हय," पायरीवरून आवाज आला. सासूचा. पुस्तकातला होय नव्हे, घरातला. सुनेकडे बघून म्हटलेला. सून वळली आणि तिनं सासूकडे बघितलं. मग पहाटेवाली पोरगी म्हणाली, मग पाळकीणबाई, मग पुरुषांच्या बाजूनं कुणीतरी. मी सगळ्यांत शेवटी म्हटलं, हळू. शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल. आयुष्यात मी पहिल्यांदा एवढ्या हळू बोलले असेन.

उपासना सुटल्यावर दारात सलाम, फोटो, पेढे. ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली आणि बाळ माझ्या हातात दिलं.

"बाई, धरा जरा. मी आत जाऊन बसतो पाच मिन्टं. एकटी."

ती रिकाम्या देवळात परत गेली. मी दाराकडे पाठ करून उभी राहिले, बाळ खांद्यावर. थोड्या वेळानं मंडळातल्या दोघी आल्या, मान उंच करून माझ्या खांद्यावरून आत बघायला लागल्या. एकीनं विचारलं, "आत काय करतीय ती? प्रार्थना?"

मी जरा बाजूला सरकले, त्यांना आतलं दिसू नये अशी. म्हटलं, "हळू बोला, बाळ झोपलंय."